दुसऱ्याचे ताट

दुसऱ्याच्या ताटाकडे पाहू नये, हे आपल्याकडे मूल पाटावर बसू लागले की त्याला शिकवतात. शिकवण चांगली आहे, पण तिचे दोन अर्थ होतात. दुसऱ्याच्या ताटातल्या पदार्थाचा मोह धरू नये, हा एक. आणि त्याच्या ताटातल्या पदार्थाचा तिटकारा करू नये, हा दुसरा. पहिला अर्थ आपण मुलांकडून पाठ करून घेतो. दुसऱ्याची त्यांना आठवणही करून देत नाही. मोह धरणारा हावरट ठरतो, तिटकारा करणारा सोवळा ठरतो. आणि सोवळेपणाला आपल्या घरांत अजून मान आहे. मला या दुसऱ्या अर्थाविषयी थोडे बोलायचे आहे, आणि तेही अशा एका पदार्थाच्या निमित्ताने, की जो माझ्या घरी कधी शिजला नाही आणि शिजणारही नाही.

पदार्थ मेक्सिकोचा. त्याचे नाव एन्चिलादा, म्हणजे मिरची लावलेली. मक्याच्या पातळ भाकरीला तिकडे तोर्तिया म्हणतात. तीच ही मिरचीत बुडवलेली भाकरी. उत्तर मेक्सिकोत आणि सीमेपलीकडच्या टेक्सासात ती पुष्कळ घरी गोमांस भरून करतात. मांसाचा तुकडा कांदा, लसूण, तमालपत्र आणि मीठ घालून दोन-तीन तास मंद आचेवर ठेवतात, इतका की बोटांनी त्याचे धागे सुटावेत. वाळलेल्या लाल मिरच्यांच्या बिया काढून त्या तव्यावर जरा भाजायच्या, गरम पाण्यात भिजत घालायच्या आणि लसूण-जिऱ्याबरोबर वाटायच्या. ते वाटण तेलावर परतले की दाट लाल रस्सा होतो. मग एकेक भाकरी गरम तेलातून क्षणभर काढायची, रश्शात बुडवायची, आत मांस भरून गुंडाळी करायची आणि वर चिरलेला कांदा व पनीरसारखे ताजे चीज पसरायचे. दिवसभर राबून आलेल्या माणसाचे पोट भरावे, असे हे भक्कम जेवण आहे.

हे सारे मला कळले ते माझ्या बहिणीच्या मुलीकडून. ती टेक्सासात सान अंतोनियो शहरी राहते. तिच्या शेजारी एक मेक्सिकन आजीबाई आहेत. मागल्या वर्षी एका रात्री तिचा फोन आला. "मावशी, त्यांनी मला उद्या जेवायला बोलावलंय. शेजारी बसवून करायलाही शिकवणार आहेत. आत काय असतं ते तुला सांगायला नको. गेले आणि खाल्लं नाही तर त्यांना वाईट वाटेल. गेलेच नाही तर त्याहून वाईट वाटेल. काय करू?"

मी म्हटले, "जा." उत्तर चटकन तोंडून गेले, ते का दिले, याचा शोध मात्र मला पुढे पुष्कळ दिवस घ्यावा लागला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. ज्यावर मन अडते त्याविषयी मिळेल ते वाचायचे, ही माझी जुनी सवय. या प्रश्नानेही मला वाचायला लावले.

पहिली गोष्ट मला अशी दिसली, की त्या पदार्थातली गाय मेक्सिकोची नव्हेच. १५२१ साली स्पेनच्या लोकांनी अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. स्पेनचे लोक येण्यापूर्वी त्या देशात गाय, मेंढी, डुक्कर, घोडा यांपैकी काहीच नव्हते. लोक मका, घेवडा, भोपळा खात. मांस टर्कीचे, हरणाचे, पाणपक्ष्यांचे. जेत्यांनी गुरे आणली आणि ती मोकळी सोडली. गावकऱ्यांच्या मक्यात ती शिरू लागली, आणि त्याच्या तक्रारी राजप्रतिनिधीपर्यंत गेल्या. म्हणजे ज्या जनावराने आपल्या पूर्वजांचे पीक तुडवले, त्याचेच मांस ही आजीबाई आपल्या पूर्वजांच्या भाकरीत गुंडाळते आहे. कांदा, लसूण आणि जिरे, तीही समुद्रापलीकडून तिकडे गेलेली. त्या गुंडाळीतले शुद्ध मेक्सिकन शोधू गेलो तर मका आणि मिरची एवढेच हाती लागते.

हे वाचून हसू येण्याआधी आपल्या एकादशीच्या ताटाकडे पाहावे. साबुदाण्याची खिचडी ही आपल्याकडे पावित्र्याची परिसीमा. पण साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून. तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटाही तिकडचाच, शेंगदाणाही तिकडचाच. हिरवी मिरची मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा महाराष्ट्रातल्या एकाही चुलीवर मिरची नव्हती. तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा. मिऱ्यावरूनच पुढे मिरचीला नाव मिळाले. खिचडीतले तूप आणि जिरे तेवढे आपल्या बाजूच्या जगातले. जिरे आमच्या उपासात आणि त्यांच्या मांसातही. मिरची त्यांच्या मांसात आणि आमच्या उपासातही! तेव्हा शुद्धतेच्या बळावर दुसऱ्याच्या ताटाला नाक मुरडण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी उरत नाही.

यावर कोणी विचारील, सगळेच सरमिसळ असेल तर मग काहीच वर्ज्य नाही काय? तर तसे नाही. मी गोमांस खात नाही, आणि मेक्सिकोचा सारा इतिहास वाचला तरी खाणार नाही. पोळ्याच्या दिवशी ज्या बैलाला पुरणपोळी भरवली, त्याच्याशी आमच्या घराचे एक नाते आहे. ते तर्काने जडलेले नाही, म्हणून तर्काने तुटायचेही नाही. पण हे माझे व्रत आहे, आणि व्रत माणूस स्वतःवर घेतो. ज्याने ते घेतलेच नाही त्याने ते मोडले असे म्हणता येत नाही. 'मी खात नाही' या वाक्यात संयम आहे. 'तो खातो, म्हणून तो हलका' या वाक्यात संयम नाही. तिथे व्रताचा उपयोग उंच बसण्यासाठी चौरंगासारखा केलेला असतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. काय कापू नये हे कायदा सांगतो. कोणाला हलके लेखावे हे सांगणारा कायदा कुठेच नाही. ते काम आपण आपल्या हौसेने करतो.

अन्नावरून माणसाची प्रत ठरवण्याची ही हौस एकट्या आपलीच नाही. मेक्सिकोतच फ्रान्सिस्को बुल्नेस नावाच्या गृहस्थाने १८९९ साली एक ग्रंथ लिहून माणसांचे तीन वर्ग पाडले: गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे. खरे प्रगतिशील फक्त गहू खाणारे, असा त्याचा निवाडा. आपल्याच देशातल्या कोट्यवधी मका खाणाऱ्यांना त्याने खाली बसवले. कोकणातल्या भात जेवणाऱ्यांनाही त्याच्या पंगतीत वरची जागा मिळाली नसती.

अशा तुच्छतेची किंमत कोण मोजतो? समोरचा मोजतो हे उघडच आहे. पण तुच्छ लेखणाराही मोजतो. मेक्सिकोतल्या बायका मका तसाच दळत नाहीत. किलोभर दाण्यांना साधारण दहा ग्रॅम चुना, आपण विड्याला लावतो तोच, पाण्यात घालून त्यात मका उकळतात आणि रातभर तसाच ठेवतात. सकाळी टरफले सुटतात. मग धुऊन वाटतात. याला निक्स्तमाल म्हणतात. गिरण्या येण्यापूर्वी दगडी पाट्यावर हे वाटण करण्यात बाईचे रोजचे चार-पाच तास जात. आपल्या आज्यांनी जात्याशी काढलेल्या पहाटा ज्यांना आठवतात, त्यांना तो शीण वेगळा सांगायला नको.

युरोपने मका नेला, चुना मात्र तिथेच ठेवला. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व दाण्यात जखडलेले असते आणि चुन्याने ते मोकळे होते, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. पण त्या बायका रोज रात्री असे का करतात, हे त्यांना बसून विचारावे आणि तसेच करून पाहावे, असेही नेणाऱ्यांना वाटले नाही. १७३५ साली स्पेनमधल्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याला मक्यावर जगणाऱ्या गरिबांत एक विचित्र रोग दिसला. अंगाची कातडी खरबरीत होते, पोट बिघडते, बुद्धी भ्रमते आणि माणूस मरतो. इटलीत त्याला पेलाग्रा, म्हणजे खरबरीत कातडी, असे नाव पडले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात हजारो माणसे त्याने दगावली. रोग जंतूंचा नाही, निकस अन्नाचा आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने १९१४ पासून खपून सिद्ध केले. नायसिन हा त्यावरचा उपाय कळायला १९३७ साल उजाडले. दोनशे वर्षे! आणि तिकडे चुन्यात भिजवलेला मका घेवड्याबरोबर खाणारा मेक्सिकोचा शेतकरी या रोगापासून बहुतांशी दूर राहिला होता. ज्याच्या घरचे धान्य आपण उचलतो, त्याच्या घरची रीत आपल्याला हीन वाटली, तर धान्य तेवढे आपल्या हाती येते आणि शहाणपण त्याच्याच घरी राहते.

मी शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत मुले डबे उघडतात. दरवर्षी वर्गात एखादे मूल असे असते, की जे डब्याचे झाकण पूर्ण काढत नाही. झाकण उभे धरून त्याची भिंत करायची आणि तिच्याआड भराभर जेवायचे. आत कधी मांस असते, कधी सुकट, कधी नुसतीच शिळी भाकरी. पदार्थ निरनिराळे, झाकण तेच. त्या मुलाला कोणी एक अक्षर बोललेले नसते. शेजारचा फक्त नाकाला बोट लावून थोडा सरकून बसलेला असतो. बाकीच्यांच्या घरी सोवळे पाळायला शिकवले गेले, त्याचा हा हिशेब आठ वर्षांचे पोर चुकते करीत असते. मांस खावे की न खावे हा प्रश्न मला या झाकणापुढे फार लहान वाटतो.

म्हणून मी भाचीला 'जा' म्हटले. तिने आजीबाईंना आधीच सरळ सांगितले, की आमच्या घरी गाय खात नाहीत. त्या हसून म्हणाल्या, "मग काय झालं? ईस्टरच्या आधी शुक्रवारी आम्हीही मांस खात नाही. तेव्हा आम्ही नुसत्या चीजच्या करतो." भाचीने मिरच्या भाजल्या, वाटल्या, हातावर मक्याच्या भाकऱ्या थापल्या. टेबलावर दोन ताटल्या आल्या, एक मांसाची, एक चीजची, रस्सा एकच. व्रत दोघींचेही राहिले, आणि झाकण कोणालाच धरावे लागले नाही. मनातली अडचण वेळेवर आणि साध्या शब्दांत सांगितली, की समोरच्याच्या घरातही एखादा उपवास निघतो.

दिवाळीत आपण शेजारी फराळाचे ताट पाठवतो. ते ताट रिकामे परत करू नये, त्यात निदान चिमूटभर साखर तरी घालावी, अशी आपली रीत आहे. दुसऱ्यांच्या देशांतून आपण मिरची घेतली, बटाटा घेतला, शेंगदाणा घेतला. ती ताटे अजून आपल्याकडेच आहेत. ती भरून परत करणे आपल्याच्याने होणार नाही. पण ज्यांनी ती पाठवली त्यांच्या जेवणाकडे पाहताना नाक न मुरडणे, एवढी चिमूटभर साखर तरी प्रत्येक घरात निघावी. या दिवाळीत ती शेजारच्या दारापासून सुरू करता येईल.