पाहुण्याचा हक्क

पैसे मोजले की वस्तू हवी तशी वापरण्याचा हक्क आपला झाला, असे आपण सगळेच समजतो. खोलीचे भाडे दिले, सायकलचे भाडे दिले, आता कोण काय बोलणार? दिवाळीच्या सुट्टीत लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर आमच्या या समजुतीची परीक्षा झाली आणि आम्ही नापास झालो.

बेट पाहायला आम्ही मुद्दाम सायकली घेतल्या. धूर नाही, आवाज नाही. आपला कोणाला त्रास नाही, याचे समाधानही होते. अगत्तीची लांबी साडेसात किलोमीटरच्या आसपास. दक्षिण टोकाला विमानाची धावपट्टी आहे; तिथे जमीन इतकी चिंचोळी की दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. माडांच्या सावलीतून रमतगमत गेलो तरी तासाभरात बेट संपले. लोकांची भाषा मलयाळमच्या वळणाची. आमची उर्दू तिथे लंगडी पडली. सलामाने मात्र सगळीकडे काम भागले.

संध्याकाळी सायकलींवर खाऱ्या वाऱ्याचा चिकटा बसला होता. साखळी गंजू नये म्हणून आम्ही अंगणातल्या विहिरीचे पाणी काढून त्या धुतल्या. चार बादल्या गेल्या. घरमालकीण आजी ओट्यावरून पाहत होत्या, पण काही बोलल्या नाहीत. मगरिबच्या वेळी त्यांनी लहानशा लोट्यात वजू केला आणि उरलेले पाणी केळीच्या बुंध्याशी ओतले.

त्यांच्या नातवाने नंतर हिंदीत समजावले. बेटावर नदी नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. तोच थर सगळ्या विहिरींत येतो. उपसा जास्त झाला की खालून खारे पाणी वर चढते. समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प अगत्तीवर 2011 मध्ये झाला. त्याची क्षमता दिवसाला 1 लाख लिटर. बेटावर वस्ती सात हजारांच्या वर. हिशेब केला तर माणशी एक बादलीही येत नाही.

आम्ही आजींची माफी मागितली. त्या हसल्या, त्यांनी माफ केले. पण खरा प्रश्न तिथूनच सुरू झाला. हुकूकुल इबादची माफी ज्याचा हक्क मारला त्यानेच द्यायची असते, हे आम्ही वर्गात मुलांना शिकवतो. विहीर आजींची होती, तिच्यातला थर साऱ्या बेटाचा. भाडे आजींना मिळाले. शेजाऱ्यांचे पाणी विकण्याचा अधिकार त्यांनाही नव्हता. मग इतक्या लोकांची माफी आम्ही कशी मागणार?

कोणी म्हणेल, चार बादल्यांनी काय होते? बेटावरच्या लोकांच्याही मोटारी पाणी उपसतातच. खरे आहे. परंतु विहीर खारी झाली तर त्यांना तिथेच राहायचे आहे आणि आम्हाला परतीचे तिकीट आहे. वाहत्या नदीकाठीही वजूचे पाणी जपून वापरा, ही हुजूरांची (स.) शिकवण आपण पाठ केली. त्यात पाण्याइतकाच, आपल्यामागून त्या पाण्यावर येणाऱ्या माणसाचाही विचार असावा, असे आम्हाला आता वाटते.

उरलेले दोन दिवस आम्ही सायकली ओल्या फडक्याने पुसल्या. साखळीला थोडा गंज चढलाच. सायकलवाल्याने तो पाहिला आणि काही न बोलता तेलाची बुधली उचलली.