श्रवणाचें मोल

परवां एका वयोवृद्ध स्नेह्यांनीं आम्हांस गाणें ऐकावयास मुद्दाम घरीं बोलाविलें. गाणें म्हणजे मैफल नव्हे. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या रकमेंतून त्यांनीं एक ध्वनिसंच घेतला होता, व तो दाखविण्याची त्यांस हौस होती. भिंतीपुढें पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर उभे होते. मधल्या घडवंचीवर अँप्लिफायर होता. आणि त्यांना जोडणाऱ्या तारा करंगळीहून जाड होत्या. त्यांनीं जुन्या तबकडीवरून सीडीवर उतरविलेली, अब्दुल करीम खांसाहेबांची झिंझोटींतील ठुमरी लावली. ती संपल्यावर आमच्यानें क्षणभर बोलवेना. तोंच यजमानांनीं विचारलें, "काय, फरक जाणवला का?" आम्ही गाण्यांत होतों, ते फरकांत होते.

आम्ही निघालों तेव्हां ते दारापर्यंत आले, आणि स्वयंपाकघरांत ऐकूं जाणार नाहीं इतक्या हलक्या आवाजांत म्हणाले, "तुम्ही लिहिणारे-वाचणारे आहांत म्हणून विचारतों. खरें सांगा, पैसे वायां तर नाहीं ना गेले?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेव्हां देतां आलें नाहीं. तें शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन उत्तरें तयारच असतात. "ज्याचा पैसा त्याची हौस; इतरांनीं त्यांत तोंड घालूं नये," हें पहिलें. तें सभ्यपणाचें खरें, पण स्नेह्यांनीं आपल्या अधिकाराविषयीं विचारलें नव्हतें. शहाणपणाविषयीं विचारलें होतें. "देशांत लोक उपाशी असतां असली चैन करणें हें पापच," हें दुसरें. या उत्तरांत कळकळ आहे, पण तें जरुरीपेक्षां फार सिद्ध करतें. या न्यायानें पैठणीही पाप, मैफलींतली बिदागीही पाप, आणि वाचकांच्या हातांतील हें मासिकही पापच ठरेल. दानाचें कर्तव्य मोठें आहे. परंतु तें प्रत्येक खर्चाला सारखेंच लागू पडत असल्यामुळें या एका खर्चाचा निवाडा त्यानें होत नाहीं. खरा प्रश्न असा कीं, संगीताच्या प्रेमानें जो पैसा मोजला, त्याच्या मोबदल्यांत संगीत पदरांत पडतें काय?

प्रथम, जें खरें आहे तें मान्य केलें पाहिजे. स्पीकर-स्पीकरांत फरक असतो व तो कानांस कळतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेंत फ्लॉइड टूल यांनीं अशा चाचण्या घेतल्या कीं, कोणता स्पीकर वाजत आहे हें श्रोत्यांस दिसूं नये. तेव्हां निरनिराळ्या श्रोत्यांची पसंती बहुधा एकाच प्रकारच्या स्पीकरांवर पडे. जे स्वतःची भर न घालतां खालच्या-वरच्या सर्व स्वरांस सारखा न्याय देत, ते लोकांस आवडत. खोलीचेंही तसेंच आहे. उघड्या भिंतींच्या खोलींत आवाज घुमतो. गालिचा, पडदे, पुस्तकांचीं कपाटें असलीं कीं तो निवळतो. म्हणून ज्याच्याजवळ किरकिरा डबा आहे त्यानें चार पैसे अधिक खर्चून बरा संच घेतला, तर ते सार्थकीं लागले याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

परंतु ही पायरी ओलांडल्यावर चढ बदलतो. आवाज दुप्पट मोठा भासावयास यंत्राची शक्ति सुमारें दहापट लागते; पैशाचा हिशेबही पुढें पुढें असाच होतो. अमेरिकेंतील विल्सन ऑडिओ या कंपनीनें २०१७ च्या सुमारास आणलेल्या स्पीकरांच्या एका जोडीची किंमत ६,८५,००० डॉलर होती. उलट १९८२ सालीं निघालेली सीडी दर सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनीचें माप घेते, आणि निरोगी तरुण कानाला ऐकूं येणाऱ्या, सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतच्या ध्वनींना तेवढें पुरतें. तिच्याहून सूक्ष्म म्हणविणाऱ्या ध्वनिमुद्रणाशीं तिची तुलना ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरान यांनीं केली व ती २००७ सालीं प्रसिद्ध झाली. ५५४ वेळां विचारलें असतां श्रोत्यांनीं २७६ वेळां बरोबर ओळखलें. नाणें उडवून जेवढें यश मिळालें असतें तेवढेंच हें. न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठांतील जोशुआ रीस यांनीं २०१६ सालीं अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण ५२ टक्क्यांच्या किंचित् वर निघालें. फरक मुळींच नाहीं असें नव्हे. पण तो केसाएवढा आहे.

त्यांत आणखी एक गोष्ट. वयाबरोबर उंच स्वर ऐकण्याची शक्ति आधीं जाते. साठी उलटलेल्या पुष्कळांस १२,००० कंपनांच्या वरचें फारसें कांहीं ऐकूं येत नाहीं. आणि असला संच घेण्याची ऐपत साधारण याच वयांत येते. दात आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दात नाहींत, ही म्हण येथें कानांस लागू पडते. शिवाय खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांच्या काळच्या तबकड्यांवर उंच कंपनांचा मोठा भाग उमटतच नसे. जें तबकडींत नाहीं तें कोणताही स्पीकर देऊं शकत नाहीं. तरी त्या दिवशीं आमचा कंठ दाटला, तो जें तबकडींत होतें त्यानें.

येथें कोणी चतुर मनुष्य म्हणेल, "फरक कानांत नसेल, मनांत असेल, पण आनंद तरी मनांतच होतो ना? २००८ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं लोकांस एकच मद्य दोन निरनिराळ्या किंमती सांगून पाजलें. जास्त किंमत सांगितली तेव्हां तें अधिक आवडलें, आणि मेंदूंतील सुखाशीं निगडित भागाची हालचालही वाढलेली यंत्रावर दिसली. म्हणजे सुख खोटें नव्हतें. किंमतच जर गोडी आणते, तर गोडीसाठीं किंमत दिली यांत चूक कोणती?" हा आक्षेप आम्हांस सर्वांत बळकट वाटतो.

त्यास आमचें उत्तर असें. आनंद दोन जातींचे असतात. एक ज्ञानानें वाढतो, दुसरा ज्ञानानें विरतो. झिंझोटीचे स्वर ज्याला ओळखतां येतात, त्याला ती ठुमरी अधिक भावते. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटेंच मावत हें कळलें, म्हणजे एवढ्याशा अवकाशांत खांसाहेबांनीं काय साधलें याचें नवल दुणावतें. आतां जाड तारेचा आनंद पहा. पडद्याआडच्या चाचणींत ती तार आपणांस ओळखतां आली नाहीं, असें कळतांच तो नाहींसा होतो. म्हणून तिच्या मालकाला पडदा नको असतो. पहिल्या आनंदाचा धनी निर्भय असतो. दुसऱ्याला स्वतःच्या अज्ञानाची राखण करीत बसावें लागतें. त्याचें नुकसान केवळ पैशाचें नसतें. आपल्या कानाची साक्ष तो किंमतीपाशीं गहाण टाकतो. चाळीस वर्षें मनापासून गाणें ऐकलेल्या आमच्या स्नेह्यांस, आपल्या घरांतलें गाणें कसें लागलें, हें दुसऱ्याला विचारावें लागलें. आमच्या मतें त्या संचापायीं त्यांनीं मोजलेली खरी किंमत ही होय.

यावरून महाग वस्तु तेवढी वाईट, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. कांहीं लोकांस यंत्रच आवडतें. लांकडाचा घाट, बेमालूम जोडकाम, कारागिराचें कसब यांत ते जुन्या घड्याळांच्या शौकिनाप्रमाणें रमतात. पडद्याआडची हार त्यांस सांगितली तर ते हंसून म्हणतील, "ठाऊक आहे, पण काम पहा केवढें सुबक आहे!" त्यांचा आनंद ज्ञानाला भीत नाहीं, तेव्हां त्यांचे पैसे वायां गेले असें म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं. दोष किंमतींत नाहीं. आपण काय विकत घेतलें हें स्वतःपासून लपविण्यांत आहे.

हें सारें मनांत घोळवून आम्ही पुन्हां स्नेह्यांकडे गेलों व म्हटलें, "तुमचा जुना संच माळ्यावर आहेच. नातवाला पडद्याआड बसवा आणि दोन्ही संच आलटून पालटून वाजवूं द्या. आवाज मात्र सारखाच ठेवावयास सांगा, कारण जो थोडा मोठा वाजतो तोच चांगला भासतो." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि ओळखतां आलें नाहीं तर?" आम्ही म्हटलें, "तर हा संचही राहील आणि खांसाहेबही राहतील. भीति तेवढी जाईल."

पडदा अद्याप लागलेला नाहीं. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मात्र त्या पडद्याआडच आहे, आणि तें त्यांनीं आपल्याच कानांनीं ऐकावयाचें आहे.