धनकोची प्रार्थना

वऱ्हाडातील ख्रिस्ती घरांतून दिवेलागणीच्या सुमारास जी प्रभूची प्रार्थना म्हटली जाते, तिच्यात रोजच्या भाकरीची मागणी आहे हे लहान मुलांच्याही ध्यानात राहते. परंतु त्या मागणीच्या लगोलग येणारे कलम, ज्यात प्रार्थना करणारा मनुष्य आपल्या सुटकेचे माप आपल्याच हाताने ठरवून देतो, ते मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने जिभेवरून घरंगळत जाते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या रूढ मराठी भाषांतरात त्या ठिकाणी ‘पाप’ हा शब्द नाही, ‘अपराध’ही नाही, तेथे ‘ऋण’ आहे. लूकने पापांची क्षमा मागितली खरी, पण त्याच वाक्याच्या उत्तरार्धात त्याच्याकडेही ऋणकोच उभा आहे. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात कर्ज आणि अपराध या दोहोंसाठी ‘होबा’ हा एकच शब्द चालत असे, असे भाषाकोविद सांगतात, आणि तो संदर्भ लक्षात घेतला म्हणजे मराठी भाषांतरकारांनी रूपक मोडून अर्थ सौम्य करण्याचा मोह टाळला, याबद्दल त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

त्याहून अडचणीचे आहे ते क्रियापद. आम्ही आमच्या ऋणकोंचे ऋण पुढे कधीतरी सोडू, असे वचन तेथे नाही. ‘सोडले आहे’ असा पूर्ण वर्तमानकाळ योजिला आहे, म्हणजे गुडघे टेकण्यापूर्वीच तो व्यवहार मिटलेला असावा हे गृहीत धरून हा अर्ज दाखल होतो. जुन्या कचेरीच्या भाषेत बोलायचे तर ही कबुलायत झाली. आणि कबुलायतीवर सही करताना शर्ती वाचल्या नव्हत्या ही सबब दिवाणी कोर्टातदेखील चालत नाही.

अन्यत्र हे कलम केवळ रूपक म्हणून पचून जात असेल; वऱ्हाडात ते तसे पचू नये. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि येथील काळ्या जमिनीतल्या बोंडांना अकस्मात सोन्याचा भाव आला. पाठोपाठ आगगाडी १८६७ साली नागपुरास पोहोचली, आणि १८७० साली खामगावच्या बाजारापर्यंत तिचा फाटा गेला. परंतु अमेरिकेतील युद्ध संपताच भाव उतरला, आणि चढत्या भावाच्या भरवशावर घेतलेली कर्जे मात्र कागदावर तशीच उभी राहिली. धान्याची सवाई-दिढी, गहाणखत, मुदतखरेदी, जप्ती हे शब्द येथील शेतकऱ्याला कोणा पंडिताने शिकविले नाहीत. ते त्याच्या अंगणातच वाढले. आपल्याच पिढीने २००८, २०१७ आणि २०१९ या सालांच्या कर्जमाफ्या पाहिल्या, याद्यांत नाव आले की नाही म्हणून बँकेच्या दारात तिष्ठणारी माणसे पाहिली. अशा मुलखात ‘ऋण’ हा शब्द उच्चारून डोळे मिटणाऱ्याला आपण नेमके काय बोललो हे कळत नाही, असे म्हणण्याची सोय नाही.

जुन्या करारातील नहेम्याच्या ग्रंथाचा पाचवा अध्याय एकदा अकोल्याच्या कापूसबाजारात बसून वाचावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. नहेम्या हा इराणी बादशहाने यहूदा प्रांतावर नेमलेला सुभेदार; त्याच्यापुढे बाया-माणसे आक्रोश करीत येतात आणि सांगतात, की दुष्काळात दाण्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण पडली, बादशहाचा सारा भरण्यासाठी कर्ज काढावे लागले, आणि आता पोटची पोरेही दास्यात गेली. यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे: सावकारांना धारेवर धरण्याच्या भरात नहेम्या हेही बोलून जातो, की मी, माझे भाऊबंद आणि माझे चाकर यांनीही लोकांना पैसा आणि धान्य कर्जाऊ दिले आहे. सावकारांच्या नामावळीतून त्याने स्वतःस वगळले नाही. जमिनी, मळे, घरे आणि शेकडा एक असलेले व्याज त्याच दिवशी परत करावे असे त्याने सुनावले, याजकांना बोलावून शपथ घेवविली, आणि अंगरख्याचा ओटा सर्वांसमक्ष झटकून दाखविला.

मराठी माणसाला हे वाचताना इंद्रायणी आठवल्यावाचून राहत नाही. दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर तुकोबांनी लोकांकडून येणे असलेली खतपत्रे भावाशी निम्मी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची डोहात सोडून दिली, ही कथा परंपरेने जपली आहे. तुकोबांच्याच सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी पोहोचलो असे नारायण वामन टिळक म्हणत असत. त्या सेतूचा एक दगड या बुडविलेल्या खतांचा असावा, असे मला आपले वाटते. भावाची निम्मी खते तुकोबांनी बुडविली नाहीत, ही गोष्टही विसरता कामा नये. दुसऱ्याचे येणे सोडून देऊन आपण उदार होणे, हा प्रकार सार्वजनिक जीवनात पुष्कळ चालतो; तेथे तो झाला नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी सांगताना मला संकोच होतो. २०१७ च्या मृगात पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यातील, जेथे विहीर खणली तरी पाणी खारट लागते आणि शेती आभाळावर सोडून द्यावी लागते अशा एका गावचे, ओळखीचे एक शेतकरी माझ्याकडून बियाण्यासाठी १२,००० रुपये उसने घेऊन गेले. सीतादही झाली की पहिल्या वेचणीच्या पैशांतून देतो, असा बोल होता. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कपाशीचे काय केले ते वाचकांना ठाऊक आहे. पुढे एकदा अकोल्याच्या बाजारात ते मला दुरून दिसले आणि मला पाहताच बोळात वळले. आणि माझ्या मनात त्या क्षणी जे उमटले ते दुःख नव्हते, त्यात एक सूक्ष्म समाधान होते, की हा मनुष्य मला चुकवितो, अर्थात मी त्याच्याहून वर आहे. त्यानंतर काही आठवड्यांनी पत्नीने विचारले, “अहो, प्रार्थनेत त्या एका ओळीवर तुमचा आवाज हल्ली एवढा खाली का जातो?”

मी त्यांच्या गावी गेलो. काय बोलायचे ते एस.टी.त मनाशी घोळवून ठेवले होते, आणि ते चांगले जमले आहे असेही वाटत होते. ओसरीवर बाज टाकली गेली, चहा आला, आत सून भांडी आवरीत होती, आणि मी ते पैसे आता विसरून जा म्हणून सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गुर्जी, म्या उसने मांगतले होते जी. भीक नोती मांगतली.”

परतीच्या वाटेवर मला जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायातील एक जुना कायदा आठवला. कर्ज दिलेल्याच्या घरात तारण आणण्यासाठी शिरू नये, बाहेर उभे राहावे आणि त्याने स्वतः आणून द्यावे, असे तो सांगतो. गरिबाचे पांघरूण तारण घेतले असेल तर सूर्यास्तापूर्वी परत करावे, आणि जाते तर तारण घेऊच नये, कारण जाते नेणे म्हणजे त्याचा प्राणच नेणे. मी तारण न्यायला गेलो नव्हतो हे खरे. पण उंबरठ्याच्या आत, सुनेच्या कानांवर पडेल अशा आवाजात, त्यांची अब्रू मात्र उचलून आणली होती. पैसे सोडणे मला फार जड गेले नव्हते. सावकाराची गादी सोडणे जड होते, आणि क्षमेच्या निमित्ताने मी तिच्यावर अधिकच ऐसपैस बसलो होतो.

आमच्या मंडळीतील एक तरुण एका वित्तसंस्थेत वसुलीचे काम करतो. या कामावर असताना ती ओळ कशी म्हणावी, असे त्याने मला भक्तीनंतर विचारले होते. नोकरी सोड असे सांगण्याचा अधिकार, ज्याच्या घरची चूल त्या नोकरीवर पेटत नाही अशा माणसाला नाही, म्हणून मी त्याला हा उंबरठ्याचाच कायदा सांगितला. त्याने हसून सांगितले, की सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी कर्जदाराला फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेनेही २०२२ साली बजावले आहे. नियम पाळून त्याच्यापाशी जेवढी जागा उरते, तेवढ्या जागेत आवाज कसा ठेवायचा, शेजाऱ्यांसमोर नाव घ्यायचे की नाही, हे त्याच्याच हातात राहते. तो ते पाळतो. वसुलीच्या आकड्यात तो मागे पडतो काय, हे मी विचारलेले नाही.

माझे आजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळातले पोरके मूल. मिशनच्या अनाथालयात ज्या ज्वारीवर ते जगले, तिची नोंद कोणत्याही खातेवहीत आमच्या नावे नाही. दहा हजार तालांतांचे देणे माफ झालेला चाकर बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, हा दृष्टांत मी वर्गात मुलांना आकडेमोड करून शिकवीत असे: दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तालांत म्हणजे सहा हजार दिनार, म्हणून माफ झालेले देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे आणि वसूल करायचे ते शंभर दिवसांचे. मुले गणित बरोबर सोडवीत. मी त्यांच्या वह्या तपाशीत असे.

त्या गृहस्थांनी पैसे फेडण्याचे सोडले नाही. कधी पाचशे रुपये येतात, कधी तुरीची डाळ येते, आणि डाळीचा भाव ते स्वतःच बाजारभावाहून कमी लावून वळती करतात. मी त्यावर काही बोलत नाही. गेल्या संक्रांतीला ते स्वतः आले, दारातच उभे राहिले, आत येण्याचा आग्रह मी केला तेव्हा आले, आणि खिशातून एक छोटी वही काढून म्हणाले, “सात हजार तीनशे राह्यले ना जी?”

“असतील,” मी म्हटले, आणि पत्नीला तिळगूळ आणायला सांगितले.