बाळंतिणीचा विटाळ आणि बाळाचा जीव

घरात मूल जन्मले की सोयर लागते. धर्मशास्त्रात त्याला जननाशौच म्हणतात. साधारण दहा दिवस देवपूजा बंद राहते, बाळंतिणीची खोली आणि भांडी वेगळी असतात. मग न्हाणे, गोमूत्र शिंपडणे आणि बाराव्या दिवशी बारसे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत पूर्वेकडच्या बागायती गावांपासून पश्चिमेच्या डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांपर्यंत रीत जमातीगणिक बदलते. विटाळ पाळला म्हणजे स्वच्छता पाळली, असे मात्र सहज धरले जाते. ते कितपत खरे?

स्पर्शाची धास्ती दोन्हींत आहे, पण तिची दिशा उलटी आहे. विटाळाच्या कल्पनेत धोका बाळंतिणीपासून घराला असतो. जंतुशास्त्रात तो घरापासून बाळंतिणीला आणि बाळाला असतो. व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि प्रसूतिज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. रोग बाळंतिणीत उपजत नव्हता, तपासणाऱ्या हातांवरून येत होता.

दिशा चुकली की साधनेही चुकतात. विटाळलेले कापड पुढे टाकूनच द्यायचे, म्हणून बाळंतपणाला जुनेरे काढले जाई. खोली कोपऱ्यातली, अंधारी असे. नाळ घरातल्या विळ्याने किंवा हाताशी असलेल्या पात्याने कापायची आणि वर राख लावायची, अशीही चाल होती. बाळाचा पहिला आहार असलेले चिकाचे दूध खराब समजून पिळून टाकले जाई. एकांताने बाळंतिणीला विसावा मिळे आणि येणारे-जाणारे कमी होत, हा फायदा खरा. पण तो हेतू नव्हता.

जन्मानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी होणाऱ्या पाचवी-सहावीच्या पूजेत पाटा-वरवंटा मांडतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, ही श्रद्धा. याच सुमारास एक खरा धोकाही असे. माती-शेणातल्या जंतूंमुळे, नाळेवाटे होणारा अर्भकाचा धनुर्वात जन्मानंतर तीन ते चौदा दिवसांत, बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस उमटतो. बाळ ओढून पिईनासे होते, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताणते. पूजेचा उगम यातच आहे असे म्हणता येणार नाही. पण ज्या दिवसांत घर सटवाईला भीत असे, ते दिवस खरोखरच घाताचे होते. फक्त कारण कपाळावर नव्हते, नाळेवर होते. गरोदर स्त्रियांचे लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे २०१५ मध्ये भारतात माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात त्याचे प्रमाण हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी झाले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजाताची निगा शिकवली. हात धुणे, बाळाला ऊब देणे, जंतुदोष ओळखून उपचार करणे, अशा उपायांनी हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आला. नशीब म्हणून सोसलेले पुष्कळसे टाळता येण्याजोगे होते, आणि जे टाळता येते त्याची जबाबदारी नशिबावर ढकलता येत नाही.

विटाळालाच प्रश्न विचारणे परंपरेला परके नाही. देहाचा विटाळ देहातूनच जन्मतो, मग देहधारी सोवळा कोण, असा प्रश्न संत चोखामेळ्यांच्या पत्नी संत सोयराबाई यांनी अभंगातून केला. चोखोबा घरी नसताना विठ्ठलाने त्यांची बहीण निर्मळा हिच्या रूपात येऊन सोयराबाईंचे बाळंतपण केले, अशी वारकरी आख्यायिका आहे. इथे देव विटाळ टाळत नाही, सुईणीचे काम करतो.

म्हणून सगळ्या रीती मोडायचे कारण नाही. प्रत्येक रीत कोणाला जपते, एवढे विचारावे. बारसे, पाचवी, बाळंतिणीचा विसावा राहू शकतो. प्रसूतीसाठी घोडेगाव, मंचर किंवा जुन्नरच्या सरकारी रुग्णालयात वेळेवर पोचणे हे सोयरापेक्षा आधी येते. आणि पावसात डोंगरातली वाट अडली, तरी हात, जागा, पाते, दोरा आणि नाळ या पाच गोष्टींची स्वच्छता सोडता येत नाही.