जुनेराचे मोल

दुसऱ्याचे वापरलेले वस्त्र अंगावर चढविताना माणसाला संकोच का वाटावा, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. आम्हांलाही तो तसाच वाटत असे. परंतु काही वर्षांपूर्वी मुलाकडे इंग्लंडात, लेस्टर शहरी, तीन महिने राहण्याचा योग आला आणि तेथील एका गल्लीतल्या दुकानाने तो आमच्यापुढे असा काही उभा केला, की बडोद्यास परतल्यावरही त्याने आमची पाठ सोडली नाही.

दुकान साधेच होते. लोकांनी आणून दिलेले कपडे, पुस्तके, कपबश्या नीट मांडून ठेवलेल्या. गल्ल्यावर बसलेल्या वृद्ध बाई वेतन न घेता काम करणाऱ्या. आणि विक्रीचा पैसा रुग्णसेवेच्या कार्याला जाणारा. अशा दुकानांना तिकडे चॅरिटी शॉप म्हणतात. १९४२ साली ग्रीसमधील उपासमारीच्या निवारणार्थ ऑक्सफर्ड येथे जी समिती स्थापन झाली आणि पुढे ऑक्सफॅम या नावाने जगास ठाऊक झाली, तिने महायुद्धानंतर असे दुकान काढले आणि आज ब्रिटनमधल्या बहुतेक गावांच्या बाजारपेठेत अशी दुकाने दिसतात. थंडी पडू लागली होती. आम्ही तेथून करड्या रंगाचा एक लोकरी कोट सहा पौंडांना घेतला.

घरी येताच आमच्या पत्नीने विचारले, "कोणाचा होता हो हा?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. देणारा हयात होता की त्याच्या पश्चात मुलांनी कपाट रिकामे केले होते, कोण जाणे! पुढे बडोद्यास दांडिया बाजारातल्या एका स्नेह्यांनी कोटाची वाखाणणी केली, तेव्हा "मुलाने घेऊन दिला" असे सांगून आम्ही मोकळे झालो. ते असत्य होते. सहा पौंडांच्या प्रामाणिक खरेदीसाठी खोटे बोलण्याची पाळी यावी, यात काहीतरी गूढ आहे खास.

जुन्या वस्त्राचा आपल्या लोकांना मुळातच विटाळ आहे म्हणावे, तर तसे नाही. आपल्याकडे बाळाला पहिली दुपटी होतात ती आजोबांच्या मऊ धोतराची. आजीच्या लुगड्यांची गोधडी पांघरल्यावर जी ऊब मिळते, ती दुकानातल्या रजईला येत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. आम्ही स्वतः थोरल्या बंधूंचे सदरे वापरूनच मॅट्रिकपर्यंत पोचलो. त्यांच्या कोपरावरचे ठिगळ आमच्या कोपरावर आले, याचा आम्हांला विषाद वाटल्याचे आठवत नाही. गाडगेबाबांनी तर चिंध्यांचीच वस्त्रे केली आणि लोकांनी त्यांना गोधडेबाबा म्हणून मस्तकी धरले.

तेव्हा संकोच जुनेपणाचा नाही. घरातले जुनेर नात्याच्या धाग्याने येते. ते कोणाचे होते हे ठाऊक असते, आणि पुढे आपल्याकडूनही ते कोणाकडे तरी जाणार असते. परक्याचे जुनेर मात्र आपल्याला एका पायरीवर उभे करते. देणारा वर, घेणारा खाली. आमच्या असत्याचे मूळ तेथे होते. स्नेह्यांनी आम्हांला घेणाऱ्यांच्या पायरीवर पाहू नये, एवढीच आमची धडपड होती. गीतेत आत्म्याला जीर्ण वस्त्र टाकणाऱ्या माणसाची उपमा दिली आहे. टाकलेले वस्त्र पुढे कोणी उचलले, हा त्या उपमेचा विषय नव्हे. आपणही नेहमी टाकणाऱ्याच्याच बाजूने विचार करीत आलो.

ही पायरी किती उंच असते, हे आम्हांला फार पूर्वी कळावयास हवे होते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छचा भूकंप झाला. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या पेठेतल्या मंडळींनी भूकंपग्रस्तांसाठी कपडे गोळा केले आणि निवड करण्याचे काम आमच्याकडे आले. त्या ढिगात चांगले कपडे होतेच. पण बिनगुंड्यांचे सदरे, बाह्या उसवलेले पोलके, एकाच पायाचा मोजा आणि जरीने ताठ झालेला लग्नातला घागराही होता. थंडीने कुडकुडणाऱ्या कच्छी बाईने तो घागरा नेसून ढिगारे उपसावेत, असे का देणाऱ्याच्या मनात होते? नव्हते. त्याच्या मनात फक्त स्वतःचे कपाट होते. आम्हीही त्या ढिगात आमची एक विजार टाकली होती. तिची शिवण उसवली होती, हे आम्हांला ठाऊक होते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या परिसरात देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला तसेच पडून राहिले, तेव्हा त्यांत आमच्या त्या विजारीची भावंडे किती असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

कठोपनिषदातला नचिकेता आपल्या पित्याला जो प्रश्न करतो, त्याचे निमित्त हेच आहे. पिता यज्ञात गायी दान देतो, पण त्या भाकड, थकलेल्या. ज्यांचे पाणी पिऊन झाले, चारा खाऊन झाला आणि दूधही काढून झाले. मुलाला ते सहन होत नाही. मृत्यूविषयीचे एवढे थोर तत्त्वज्ञान निरुपयोगी वस्तूच्या दानातल्या अप्रामाणिकपणापासून सुरू होते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

मग दानाला किंमत लावणे, हा यावरचा उपाय होऊ शकेल काय? प्रथमदर्शनी हे विपरीत वाटते. फुकट मिळालेली वस्तू विकायची, तीही गरजूला! परंतु त्या दुकानात आम्ही काय पाहिले ते सांगतो. एक तरुण आई आपल्या मुलीसाठी झगा निवडीत होती. तिने तीन झगे उचलले, उजेडाकडे धरून पाहिले, दोन परत ठेवले आणि तिसऱ्याचे पैसे मोजले. ते दोन परत ठेवणे, हेच तिचे धन होते. भूकंपग्रस्ताला ते नसते. त्याला जे मिळेल त्याचा आभार मानावा लागतो. शिवाय तिने मोजलेले पैसे कोण्या रुग्णाच्या कामी जाणार होते. म्हणजे घ्यावयास आलेली ती बाई देणारी होऊन बाहेर पडली.

आपल्याकडची बोहारीण हेच जाणत होती. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी ती बाई दारात बसून आमच्या आईशी तासभर घासाघीस करी. "या लुगड्यावर पातेले नाही येत हो, वाटी घ्या" असे ठणकावून सांगे. गुजरातेत हा धंदा करणाऱ्या बहुतेक स्त्रिया वाघरी समाजाच्या. समाजाच्या उतरंडीत त्यांना जागा तळाशीच. पण त्या घासाघिशीपुरत्या दोघी बरोबरीच्या असत. पुढे ते लुगडे धुऊन, सांधून जुन्या बाजारात जाई आणि तेथेही ते कोणीतरी निवडून घेई.

अर्थात, ज्याच्यापाशी तेवढेही पैसे नाहीत त्याचे काय, ही शंका रास्त आहे. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत स्थापन केलेल्या 'गूंज' संस्थेने याचे उत्तर श्रमात शोधले. गावकरी आपल्या गावाच्या गरजेचे काम, विहीर वा रस्ता, स्वतः ठरवून करतात आणि त्या श्रमाचा मान म्हणून त्यांना कपडे दिले जातात. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला.

दुसरी शंका अधिक बोचरी आहे. वस्त्र देण्याची सोय झाली, की टाकण्याचीही सोय होते. पिशवी दुकानात पोचली की मन हलके, आणि हलके मन नव्या खरेदीस मोकळे! दुकानात न खपलेले कपडे वजनावर विकले जातात आणि गाठोड्यांनी देशोदेशी फिरतात. आपल्या कांडल्यास ते निवडून पुन्हा बाहेर पाठविणारे कारखाने आहेत; पानिपतला लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचे सूत आणि घोंगड्या होतात. घानाच्या अक्रा शहरातल्या कांटामांटो बाजारी अशा कपड्यांना जे नाव आहे, त्याचा अर्थ 'मेलेल्या गोऱ्याचे कपडे' असा होतो. इतके कपडे एखादा जिवंत माणूस टाकील, ही कल्पनाच तेथे कोणाला शिवली नसावी. आमच्या पत्नीचा प्रश्न अक्रातल्या लोकांनाही पडला होता, हे वाचून आम्हांला हसू आले आणि लगेच ते मावळले.

एक गोष्ट सांगितल्यावाचून लेखणी ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मागल्या दिवाळीत पत्नीने कामाच्या बाईंना एक साडी देऊ केली. त्यांनी ती उलगडून पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, की ही नको, ती निळी काढणार असाल तर ती द्या. आम्ही आतल्या खोलीत होतो. "दिले ते घ्यावे ना!" असे आमच्या मनात तत्काळ उमटले. लेस्टरमधल्या त्या तरुण आईचे कौतुक करणारे आम्हीच! झगा परत ठेवणारी परकी असली की तो तिचा स्वाभिमान, आणि साडी परत करणारी आपल्या घरात राबणारी असली की तो आगाऊपणा. पत्नी मात्र क्षणभर थांबली आणि निळी साडी घेऊन आली. तिचा फॉल एका बाजूने सुटला होता. तो घातल्याशिवाय देणार नाही, म्हणून तिने बाईंना दुसऱ्या दिवशी यावयास सांगितले.

कोट अजून आमच्यापाशी आहे. त्याची तिसरी गुंडी निराळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेली आहे, हे आमच्या अलीकडेच ध्यानात आले. देण्याआधी कोणीतरी ती शिवली असावी. कोट कोणाचा होता, हे आम्हांला कधीच कळणार नाही. यंदाच्या जानेवारीत त्या स्नेह्यांची गाठ पडली, तेव्हा मात्र तो कोठून आणि किती पौंडांना घेतला, ते आम्ही त्यांना सांगून टाकले.