फेरतपासणी वेगळी, परीक्षा वेगळी

बस. खुर्चीत बस, उंबऱ्यावर नको. आणि मी बोलत असताना जमिनीकडे बघू नकोस.

काल तुझी बायको कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. रडली नाही ती. एवढंच म्हणाली, "सर, दिव्यांग दाखल्याच्या टक्क्यांचं अपील फेटाळलं तेव्हापासून हे बोलतच नाहीत. पुन्हा अर्ज करा म्हटलं की भिंतीकडे तोंड करून झोपतात." पाच महिने! तिच्या शिलाई मशीनवर घरातली चूल पेटते आणि तू भिंतीकडे तोंड करून झोपतोस?

पिशवीतला कागद न् कागद मी वाचला. तू वाचलास? खरं सांग. निकालाच्या लिफाफ्यात दोन पानं होती. पहिल्यावरचं 'नामंजूर' वाचलंस आणि दुसरं उलगडलंसुद्धा नाहीस. त्याची घडी अजून तशीच करकरीत होती. कारण त्या दुसऱ्या पानावर आहे. नवा पुरावा नाही, म्हणून पायाचे ३५ टक्के कायम. प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहायची तुझी खोड आठवीपासूनची. तेव्हा गुण जायचे, आता घर चाललंय.

अपील म्हणजे फेरतपासणी. तीच उत्तरपत्रिका, फक्त परीक्षक दुसरा. जे तू लिहिलंच नव्हतंस त्याला त्यानं गुण कुठून द्यायचे? नवा अर्ज म्हणजे नवी परीक्षा. दुखणं वाढलं असेल, आधी न दाखवलेलं काही असेल, तर नव्यानं तपासणी मागता येते. फेरतपासणीत गुण वाढले नाहीत म्हणून पुढच्या परीक्षेचा फॉर्मच भरायचा नाही, हे मी वर्गात कोणाला शिकवलं होतं?

आणि त्या उत्तरपत्रिकेत तू काय लिहिलंस? तपासणीच्या दिवशी काठी रिक्षात ठेवलीस, लोक बघतील म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, जिना चढता येतो का? तू म्हणालास, "येतो की." एका जिन्याला मध्ये किती वेळा टेकावं लागतं, रात्री पाय किती धरतो, हे गिळलंस. बावीस वर्षं यंत्रांच्या घरघरीत काढून कान गेले, दारातून मारलेली हाक तुला ऐकू येत नाही. त्याचा अर्जात एक शब्द नाही! डॉक्टर मनातलं ओळखत नाहीत. ते तपासतात, मोजतात आणि लिहितात. तू लपवायचं आणि दोष त्यांना द्यायचा, हा कुठला न्याय?

ती पाटी घे. पाय ३५. कान तपासून समजा १८ आले. बेरीज किती? ५३ म्हणू नकोस, इथं साधी बेरीज चालत नाही. नव्वदातून मोठा आकडा वजा कर: ५५. त्याला १८ नं गुण, ९० नं भाग: ११. ते ३५ मध्ये मिळव. आले ४६? तुझे खरे आकडे डॉक्टरच ठरवतील, पण रीत ही आहे. आता तुझ्या हातात दिव्यांगांचं पांढरं कार्ड आहे, म्हणजे चाळीसच्या खाली. चाळीसपासून पिवळं, ऐंशीपासून निळं. ज्या योजनेसाठी तू वणवण केलीस, त्या संजय गांधी निराधार योजनेचं दार चाळीसला उघडतं. दिव्यांगांसाठी तिथं महिना २५०० रुपये आहेत, ऑक्टोबर २०२५ पासून. वर्षाला तीस हजार. तुझ्या घरात तीस हजार म्हणजे काय, हे बायकोला विचार.

"हात पसरायला लाज वाटते," असं तू तिला म्हणालास. लाज कशाची? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याच्या नावातच हक्क आहे, दया नाही. इतरांना अशा योजनेत जे मिळतं, त्याहून दिव्यांगांना किमान पंचवीस टक्के जास्त द्यावं, असं त्याचं चोविसावं कलम सांगतं. का? कारण त्यांना जगायलाच जास्त खर्च येतो. लाज वाटायचीच तर ते दुसरं पान न वाचल्याची वाटू दे.

आणखी एक. तहसीलबाहेर कोणी भेटला आणि "टक्के वाढवून देतो" म्हणाला, तर त्याच्या सावलीलाही उभा राहू नकोस. खोटेपणानं लाभ घेणाऱ्याला त्याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. शिवाय प्रत्येक खोटा दाखला खऱ्या माणसाकडे संशयानं बघायला शिकवतो. तुला खोटं बोलायची गरजच नाही. तू फक्त खरं पुरतं सांग.

आता लिहून घे. आधी कानांची ऑडिओमेट्री. पायाचा नवा एक्स-रे. पायाच्या अपघातापासूनचे केसपेपर तारखेप्रमाणे लावायचे. दिवसभरात काय जमत नाही, ते आठवडाभर रोज वहीत लिहायचं आणि ती वही तपासणीला न्यायची. मग स्वावलंबन पोर्टलवर अर्ज. पाय आणि कान, दोन्ही नोंदवायचे. टक्के वाढले, तर उत्पन्नाचा दाखला काढून तहसीलला. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला पन्नास हजारांच्या आत लागतं. प्रत्येक अर्जाची पोच घ्यायची आणि ती या पिशवीत ठेवायची.

पुन्हा 'नाही' आलं तर? येऊ शकतं. तेव्हा दुसरं पान आधी वाचायचं आणि ते घेऊन इथं यायचं. भिंतीकडे जायचं नाही.

अर्ज भरायला मी बसतो तुझ्याबरोबर. उद्या सकाळी आठला ये.

आणि येताना काठी घेऊन ये. रस्त्यानं, सगळ्यांसमोरून.