दिसते बरी

कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावी शर्यतीची एक घोडी शस्त्रक्रियेच्या टेबलावर उताणी झोपवली होती. साडेचारशे-पाचशे किलोंचं जनावर आणि चारही पाय आभाळाकडे. बघणाऱ्याला आधी हसू येतं, मग पोटात कालवतं. दुखणं मागच्या पायाच्या गुडघ्यात होतं. मांडीच्या हाडाच्या टोकावरची कूर्चा, जिला आपण बोलताना गादी म्हणतो, ती नखाएवढ्या जागेत उखडली होती.

तरुण डॉक्टरने सांध्यात दुर्बीण घातली, लोंबणारे तुकडे काढले, कडा सरळ कापल्या. खाली टणक, पांढरा थर लागला. तिथं त्याचा हात थांबला.

"अजून खरवड," शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. त्याच्या गुरू त्या.

"पण डॉक्टर, हा थर शाबूत दिसतोय."

"दिसतोय."

पोरगा हाताने हळवा होता. शल्यविशारदात हा गुण की दोष, मला अजून ठरवता आलेलं नाही.

कूर्चेत रक्तवाहिनी नसते. जखम झालीच, तर दुरुस्तीला येणार कोण आणि कुठून? पुढे याच कोलोरॅडोतल्या व्हेल गावी आलेल्या डॉ. रिचर्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात माणसांच्या गुडघ्यासाठी युक्ती काढली: उघड्या हाडाला आरीने बारीक भोकं पाडायची. मज्जेतलं रक्त वर येतं, साकळतं, आणि त्यातल्या पेशी नवी ऊती विणतात. घोड्याच्या या सांध्यातली कूर्चा जाडीला माणसाच्या बरीच जवळ. म्हणून वेन मॅकिलरेथ, डेव्हिड फ्रिस्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट कॉलिन्सच्या विद्यापीठात हीच युक्ती घोड्यांवर पारखली. कूर्चा आणि हाड यांच्या मधला, कॅल्शियम साठून टणक झालेला थर काढला तर जखम अधिक भरते, हे त्यातून कळलं. आपल्याकडच्या गवंड्याला हे नवं नाही. जुना चुना न खरवडता गिलावा केला, की पावसाळ्यात पोपडे धरतात.

बाईंनी यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "माझ्या पहिल्या घोड्याला मी दया दाखवली होती. वर्षाने पुन्हा दुर्बीण घातली, तर त्या जागी उघडं हाड."

त्याने खरवडलं. मग तीन-तीन मिलिमीटरच्या अंतराने आरी टोचली. सांध्यात सोडलेल्या पाण्याचा दाब कमी केला, तशी भोकाभोकातून रक्ताची धार आणि चरबीचे थेंब वर तरंगले. बाई पहिल्यांदाच हसल्या.

"आता सहा महिने शर्यत नाही. येईल तेही अस्सल नव्हे, तंतुमय ठिगळ. पण चांगलं ठिगळ."

तिसऱ्या महिन्यात मालक आला. मोतद्दार दोर धरून घोडीला अंगणात हळूहळू फिरवत होता. घोडी लंगडत नव्हती. कूर्चेला मज्जातंतूही नसतात. ठिगळ कच्चं असलं तरी ते ओरडून सांगत नाही.

"पुढच्या महिन्यात पळवू या, डॉक्टर," मालक म्हणाला. "बरी दिसते की."

तरुण डॉक्टर घोडीच्या गुडघ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"दिसते," तो म्हणाला, आणि मोतद्दाराकडे वळला. "अजून दहा मिनिटं. चालतच."